काडतुसाच्या बुडावरचा ठसा आणि वापरलेल्या पितळी पुंगळीची पारख

काडतुसाचे चार भाग असतात: गोळी, दारू, ठोका बसताच पेटून दारू पेटवणारा प्रायमर आणि या सगळ्यांना एकत्र धरणारी पुंगळी. बार उडाल्यावर गोळी निघून जाते, दारू जळून जाते, प्रायमर एकदा पेटला की संपतो. मागे उरते ती फक्त पुंगळी. ती पितळेची आणि धड असेल तर साफ करून, मापात आणून तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवता येते. क्रीडा नेमबाजीतील पुष्कळ लोक हे काम करतात आणि त्याला रीलोडिंग असेच म्हणतात. या कामातला निम्म्याहून अधिक शहाणपणा दारू मोजण्याच्या आधीच, म्हणजे समोरची पुंगळी नेमकी कोणती आहे आणि ती पुन्हा वापरण्याच्या लायकीची आहे की नाही हे ठरवण्यात लागतो, असे माझे मत आहे. म्हणून हा लेख तेवढ्याच भागापुरता आहे. कोणती दारू किती भरावी हे येथे मुद्दाम दिलेले नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यावरून आणि अनुभवी, परवानाधारक माणसाच्या शेजारी बसूनच शिकावे.

हात लावण्यापूर्वी

पहिली बाब कायद्याची. काही देशांत रिकामी पुंगळी कोणीही बाळगू शकतो, काही देशांत प्रायमर आणि दारू परवान्याशिवाय विकत मिळत नाही, आणि काही ठिकाणी घरी काडतूस भरणे हाच गुन्हा आहे. आपण राहतो तेथील नियम वाचल्याशिवाय पुंगळ्या गोळा करण्यासही सुरुवात करू नये. जमिनीत, जुन्या घरात किंवा माळ्यावर युद्धकाळातील दारूगोळा सापडला, तर तो उचलून ठसा वाचण्याचा मोह टाळून पोलिसांना कळवावे. दिसायला मोठ्या काडतुसासारख्या असलेल्या काही वस्तू वास्तविक स्फोटक गोळे असतात.

दुसरी बाब, काडतूस जिवंत आहे की रिकामे, याची. गोळी बसलेली दिसत असेल तर प्रश्नच नाही. परंतु गोळी नसली तरी प्रायमर शाबूत असू शकतो. प्रायमरवर खड्डा पडलेला आहे म्हणजे तो फुटलेलाच आहे असेही धरून चालू नये, कारण कमजोर ठोक्याने खड्डा पडतो आणि प्रायमर तसाच राहतो. पुंगळीचे तोंड उजेडाकडे करून आत पाहावे: बार झालेल्या पुंगळीच्या आत काजळी असते. संशय आला की ती बाजूला ठेवावी.

तिसरी बाब शिशाची. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते, आणि बार उडाल्यावर त्याची बारीक भुकटी पुंगळीत आणि तिच्यावरच्या काजळीत राहते. पुंगळ्या निवडताना खाऊ-पिऊ नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, लहान मुलांना त्या खेळायला देऊ नयेत. काजळीने काळी झालेली बोटे घेऊन सरळ चहाचा कप उचलणारे नेमबाज मी खूप पाहिले आहेत, आणि पहिली दोन वर्षे मीही त्यांतलाच होतो.

ठसा वाचताना

हत्यारे थोडीच लागतात: दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्नियर कॅलिपर, एक लोहचुंबक, बारीक विजेरी आणि टोकाला वाकवलेली पोलादी तार. पुंगळीचे बूड वर करून टेबलावर उभे ठेवावे आणि विजेरी वरून न धरता आडवी, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरावी. सरळ पडणाऱ्या उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या पितळेवर तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडा सावलीसकट उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर बुडावर थोडी खडूची पूड चोळून बोटाने पुसावी. पूड अक्षरांच्या खाचांत राहते.

बुडाच्या मधोमध प्रायमरची गोल टिकली असते आणि तिच्याभोवतीच्या पट्टीवर हा ठसा उमटवलेला असतो. इंग्रजीत त्याला हेडस्टँप म्हणतात. मधे टिकलीच नसेल आणि ठोका बुडाच्या काठावर पडलेला असेल, तर ती रिमफायर पुंगळी होय. सर्वांच्या परिचयाचे पॉइंट टू-टूचे काडतूस याच जातीचे असते. त्याचे स्फोटक काठाच्या पोकळीत लिंपलेले असते, आणि व्यवहारात ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसते. तिच्यावर बहुधा एकच अक्षर असते. विंचेस्टरच्या रिमफायर काडतुसांवरचे 'एच' हे अक्षर त्या कंपनीच्या आरंभीच्या काळातील बंदूककार बेंजामिन टायलर हेन्री याच्या नावाचे आहे. अशा पुंगळ्या ओळखून वेगळ्या काढल्या की त्यांच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही.

नागरी बाजारातील सेंटरफायर, म्हणजे मधोमध प्रायमर असलेल्या, काडतुसावर साधारणपणे दोनच गोष्टी असतात, निर्मात्याचे नाव किंवा त्याचे संक्षिप्त रूप आणि काडतुसाचे नाव. 'एफसी' म्हणजे फेडरल कार्ट्रिज, 'आर-पी' म्हणजे रेमिंग्टन-पीटर्स, 'एस अँड बी' म्हणजे १८२५ साली स्थापन झालेली चेक कंपनी सेलियर अँड बेलो, आणि 'पीपीयू' म्हणजे सर्बियातील उझित्से गावची प्र्वी पार्टिझान. नोर्मा आणि लापुआ या उत्तर युरोपातील कंपन्या आपले नाव पूर्ण लिहितात. नावापुढे 'प्लस पी' असेल तर ते काडतूस नेहमीपेक्षा जास्त दाबाचे भरलेले होते एवढाच त्याचा अर्थ आहे. पुंगळीचे बाहेरचे माप तेच असते. त्या खुणेमुळे पुंगळी अधिक मजबूत आहे असे समजून तिच्यात जास्त दारू घालण्याचा विचार नवशिक्यांच्या मनात हमखास येतो, आणि तो सोडून द्यावा.

लष्करी ठसा वेगळ्या रीतीने वाचावा लागतो, कारण त्यावर काडतुसाचे नाव पुष्कळदा नसतेच. कारखाना आणि साल मात्र असते. 'एलसी' आणि खाली ६८ असेल तर ती अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या लेक सिटी कारखान्यात १९६८ साली बनलेली पुंगळी. 'एफए' म्हणजे फिलाडेल्फियाचे फ्रँकफर्ड आर्सेनल, 'डब्ल्यूसीसी' म्हणजे वेस्टर्न कार्ट्रिज कंपनी, 'आरजी' म्हणजे इंग्लंडमधील रॅडवे ग्रीन, आणि जुन्या थ्री नॉट थ्रीच्या पुंगळ्यांवर दिसणारे 'केएफ' म्हणजे खडकीचा कारखाना. वर्तुळात क्रूस अशी खूण असेल तर ते काडतूस नाटोच्या मानकाप्रमाणे बनलेले आहे. सोव्हिएत पुंगळ्यांवर अक्षरांऐवजी आकडेच असतात: वरच्या बाजूला कारखान्याचा क्रमांक, खालच्या बाजूला सालाचे दोन आकडे. १७ म्हणजे बर्नाऊल, १८८ म्हणजे नोव्होसिबिर्स्क, ६० म्हणजे तेव्हाचे फ्रुंझे, आजचे बिश्केक. १९५० नंतरच्या काही वर्षांत मात्र सालाच्या आकड्यांऐवजी रशियन अक्षर घातलेले सापडते, आणि त्यामुळे हौशी संग्राहकांची बरीच करमणूक होते.

ब्रिटिश थ्री नॉट थ्रीचा ठसा मला सर्वांत बोलका वाटतो. त्यावर रोमन सात असेल तर ते १९१० साली स्वीकारलेले मार्क सात या प्रकारचे काडतूस. सातापुढे 'झेड' असेल तर आत नेहमीच्या कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू होती. 'जी' हे अक्षर रेषा काढत जाणाऱ्या ट्रेसर गोळीचे, 'डब्ल्यू' चिलखतभेदी गोळीचे आणि 'बी' आग लावणाऱ्या गोळीचे. दुसऱ्या महायुद्धाआधीचा आणि युद्धातला जर्मन ठसा चार भागांत विभागलेला असतो: कारखान्याची सांकेतिक खूण, पुंगळीचा धातू, उत्पादनाच्या गटाचा क्रमांक आणि साल. त्यातील 'एस' आणि चांदणी म्हणजे ७२ टक्के तांबे असलेले पितळ, आणि 'एस-टी' म्हणजे पोलाद. हा गटाचा क्रमांक नवशिक्या वाचक हटकून साल म्हणून वाचतो. कोणता आकडा कशाचा हे ठरवण्यापूर्वी देशाची पद्धत ओळखावी.

एकदा पद्धत कळली तरी सावध राहावे लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांनी १९४४ साली काही पुंगळ्यांवर नुसता ४ हा एकच आकडा उमटवला. ज्याला हे ठाऊक नाही तो ती पुंगळी कोणत्या तरी वेगळ्याच दशकात नेऊन ठेवतो. कारखान्यात ठसा उमटवणारा छोटा कठीण छाप झिजतो, तुटतो, वर्ष बदलले तरी काही दिवस जुनाच वापरला जातो; अशा कारणांनी अर्धवट किंवा चुकलेले ठसेही भरपूर सापडतात.

नावांचे सापळे

ठशावर काडतुसाचे नाव असले तरी त्या नावाचा अर्थ लावताना घोटाळा होतो, कारण नावे ठेवण्याच्या पद्धती एका नियमाने बांधलेल्या नाहीत. युरोपीय पद्धत त्यातल्या त्यात सरळ आहे: पहिला आकडा नळीच्या किंवा गोळीच्या व्यासाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलीमीटरमध्ये. ७.६२ × ५१ म्हणजे ५१ मिलीमीटर लांब पुंगळी. शेवटी 'आर' असेल तर बुडाचा काठ अंगापेक्षा रुंद, म्हणजे काठवाली पुंगळी. १८९१ सालापासून वापरात असलेले ७.६२ × ५४ आर हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकी नावांत मात्र दुसरा आकडा कधी काळ्या दारूचे वजन सांगतो, जसे पंचेचाळीस-सत्तरमधील ७० ग्रेन, तर कधी साल सांगतो, जसे थर्टी-ऑट-सिक्समधील १९०६. आणि .३८ स्पेशलची गोळी .३८ इंचाची नसतेच; ती .३५७ इंचाची असते, म्हणजे .३५७ मॅग्नमच्या गोळीइतकीच. या दोघांच्या पुंगळ्यांत फरक आहे तो लांबीचा, सुमारे साडेतीन मिलीमीटरचा.

नऊ मिलीमीटर या शब्दांनी तर अनेकांना फसवले आहे. ९ × १९, ९ मिलीमीटर लुगर, ९ मिलीमीटर पॅराबेलम आणि ९ पॅरा ही एकाच काडतुसाची नावे आहेत. याउलट .३८० ऑटो, ९ कुर्झ, ९ कोर्तो आणि ९ × १७ ही दुसऱ्याच, आखूड काडतुसाची नावे आहेत. ९ × १८ मकारोव्ह हे तिसरे, आणि त्याची गोळी इतर दोघांपेक्षा पाव मिलीमीटरने जाड असते. बादलीत एकत्र पडलेल्या पुंगळ्यांत हे तिन्ही असतील तर नुसत्या नजरेला ते सहज चकवतात.

तसाच प्रश्न जोडनावांचा. ७.६२ × ५१ नाटो आणि .३०८ विंचेस्टर यांचे बाहेरचे माप जवळजवळ सारखे आहे, परंतु लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड असते. जाड भिंत म्हणजे आत जागा कमी, आणि जागा कमी म्हणजे तेवढ्याच दारूला दाब जास्त. म्हणून लष्करी आणि नागरी पुंगळ्या एका डब्यात ठेवू नयेत. ५.५६ नाटो आणि .२२३ रेमिंग्टन यांच्या बाबतीतही वेगळे ठेवण्याचा हाच नियम पाळावा.

ठसा हा पुंगळीचा जन्मदाखला आहे. पुढे तिचे काय झाले ते त्यावर लिहिलेले नसते. .३०० ब्लॅकआउट नावाचे काडतूस .२२३ च्या पुंगळीचे वरचे अंग कापून, तिला नवे तोंड आणि तोंडाकडे निमुळता होणारा नवा खांदा देऊन घरी बनवता येते. अशा पुंगळीच्या बुडावर शेवटपर्यंत .२२३ हेच लिहिलेले राहते, पण तिच्यातली गोळी .३०८ इंचाची असते. असे काडतूस चुकून .२२३ च्या रायफलीत गेले आणि गोळी आत दाबली जाऊन रायफलीचे कुलूप (बोल्ट) बंद झाले, तर बार उडताच रायफल फुटते. हे प्रत्यक्षात घडलेले आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

मापाने खात्री

म्हणून ठसा वाचून झाल्यावर कॅलिपर उचलावा. चार मापे पुरतात: पुंगळीची एकूण लांबी, बुडाच्या काठाचा व्यास, काठाच्या थोडे वर अंगाचा व्यास आणि तोंडाचा आतला व्यास. युरोपातील सी. आय. पी. ही १९१४ साली स्थापन झालेली संस्था आणि अमेरिकेतील सामी ही संस्था प्रत्येक काडतुसाची अधिकृत रेखाचित्रे प्रसिद्ध करते. आपली मापे त्यांच्याशी ताडून पाहावीत. एक उदाहरण घेऊ. ९ × १९ ची पुंगळी जास्तीत जास्त १९.१५ मिलीमीटर लांब आणि बुडाशी सुमारे ९.९ मिलीमीटर जाड असते. .३८० ऑटोची पुंगळी सुमारे १७.३ मिलीमीटर लांब आणि बुडाशी सुमारे ९.५ मिलीमीटर जाड. मकारोव्ह १८.१ मिलीमीटर लांब, पण बुडाशी ९ × १९ इतकीच जाड, किंबहुना केसभर जास्त. म्हणजे लांबी आणि जाडी दोन्ही पाहिल्याशिवाय तिघांना वेगळे करता येत नाही.

आणखी एक गंमत मापानेच उमगते. नऊ मिलीमीटरची पुंगळी .४० च्या पुंगळीत बरोबर जाऊन बसते, आणि .४० ची .४५ मध्ये. धुण्याच्या भांड्यात घोळताना त्या एकमेकींत अशा अडकतात की बाहेरून एकच पुंगळी दिसते. मी एकदा भांडे रिकामे करून मोजले तेव्हा पुंगळ्या घातल्या होत्या त्यापेक्षा कमी भरल्या. प्रत्येकीत डोकावून पाहिले तेव्हा हरवलेल्या सगळ्या जावा-जावांसारख्या एकमेकींच्या घरात बसलेल्या सापडल्या. तेव्हापासून धुण्याआधीच आकाराप्रमाणे वेगळे करतो.

धातू आणि प्रायमर

लोहचुंबक पुंगळीच्या भिंतीला लावावा. चिकटली तर ती पोलादी आहे, वरून तांब्याचा किंवा पितळेचा मुलामा असला तरीही. पोलादी पुंगळी एकदा फुगली की पितळेसारखी नीट मापात येत नाही आणि लवकर तडकते. नवशिक्याने ती सोडून द्यावी. ॲल्युमिनियमची पुंगळी चुंबकाला चिकटत नाही, पण रंगाने आणि हलकेपणाने कळते. ब्लेझर या नावाने विकल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम पुंगळ्यांवर तर 'एनआर' असा ठसाच असतो. पुन्हा भरू नये, हा त्याचा अर्थ.

पितळ निश्चित झाले की विजेरी पुंगळीच्या तोंडातून आत मारावी आणि तळाकडे पाहावे. मधोमध एकच छिद्र दिसले तर बॉक्सर पद्धतीचा प्रायमर. मधे उंचवटा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे दिसली तर बर्डन पद्धतीचा. दोन्ही पद्धती १८६६ च्या सुमारास निघाल्या. एडवर्ड बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची पद्धत रुजली अमेरिकेत. हायरम बर्डन अमेरिकी होता आणि त्याची पद्धत रुजली युरोपात. रीलोडिंगच्या दृष्टीने फरक असा की बॉक्सर पुंगळीतला जुना प्रायमर मधल्या छिद्रातून सुई घालून एका दाबात बाहेर ढकलता येतो. बर्डनमध्ये ती सुई उंचवट्यावर आपटते आणि मोडते. बर्डन पुंगळी पुन्हा भरणे अशक्य नाही, परंतु त्याची हत्यारे आणि प्रायमर दोन्ही दुर्मीळ. ती संग्रहासाठी ठेवावी.

लष्करी पुंगळीत प्रायमर जागचा हलू नये म्हणून त्याच्याभोवतीचे पितळ दाबून बसवलेले असते. भिंगातून ते कडेने फिरलेल्या बारीक वळ्यासारखे किंवा तीन-चार टोचल्यासारख्या खुणांच्या रूपात दिसते. जुना प्रायमर काढल्यावर हा दाब काढून टाकल्याशिवाय नवा प्रायमर सरळ जात नाही, आणि तो जबरदस्तीने बसवणे हा धोकादायक प्रकार आहे. प्रायमरच्या खोबणीचा व्यासही पाहावा. .४५ च्या बहुतेक पुंगळ्यांना मोठा प्रायमर लागतो, पण काही निर्माते लहान खोबणीच्या पुंगळ्या काढतात. ठशावरून ते नेहमी कळत नाही, आणि प्रेसमध्ये, म्हणजे दाब देण्याच्या यंत्रात, मोठा प्रायमर लहान खोबणीवर दाबला गेला की काय होऊ शकते हे सांगायला नको.

फार जुन्या लष्करी पुंगळ्यांविषयी एक इशारा. त्या काळी प्रायमरमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट वापरत. बार उडाल्यावर तो पारा पितळेत मुरतो आणि पितळ ठिसूळ होते. पुंगळी वरून कितीही चकचकीत दिसली तरी आतून ती खचलेली असते. पोटॅशियम क्लोरेटचे प्रायमर पुंगळीपेक्षा नळीचे नुकसान जास्त करतात, कारण त्यांचा उरलेला क्षार हवेतला ओलावा ओढून गंज आणतो.

पितळ पारखताना

काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. बार उडतो त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही; दाब उतरताच ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. हे फुगणे-आकसणे आणि नंतर डायमध्ये, म्हणजे कठीण साच्यात, घालून पुन्हा मापात दाबणे यामुळे पितळ दर वेळी थोडे कडक होते, आणि कडक झालेले पितळ तडकते. पहिली चीर बहुधा तोंडाशी, उभी येते. बोटाने तोंड फिरवून पाहिले तर ती नखाला लागते. काही चिरा केसासारख्या असतात आणि भिंगाशिवाय दिसत नाहीत. एक साधी युक्ती अशी की मूठभर पुंगळ्या हातात घेऊन हलक्या खुळखुळाव्यात. शाबूत पितळ घंटीसारखे वाजते, चिरलेली पुंगळी भद्द वाजते. बाजारात मातीचे मडके टिचकी मारून घेणाऱ्याला ही परीक्षा शिकवावी लागत नाही.

तोंडाची चीर वाईट असली तरी धोका फारसा नाही. खरा धोका बुडाशी असतो. रायफलीच्या लांब पुंगळ्यांत अंग दर वेळी थोडे ताणले जाते आणि बुडाच्या जाड भागाच्या लगेच वर, साधारण सेंटीमीटरभर अंतरावर, भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून तेथे एक उजळ वर्तुळ दिसते. अशी पुंगळी पुढच्या एखाद्या बारात त्या वर्तुळावर तुटते आणि प्रचंड दाबाचा वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. येथेच ती वाकवलेली तार उपयोगी पडते. तिचे टोकदार वाकडे टोक पुंगळीत घालून तळाला टेकवावे आणि भिंतीला दाबून सावकाश वर ओढावे. भिंत चांगली असेल तर टोक सरळ सरकत येते. पातळ झाली असेल तर ते एका खाचेत अडकल्याचे बोटांना स्पष्ट जाणवते. पहिल्यांदा करताना खात्री वाटत नाही, म्हणून अशी एखादी संशयित पुंगळी उभी कापून आतली खाच एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी. मी कापलेल्या पहिल्या पुंगळीत भिंत कागदाइतकी उरली होती, आणि ती मी चांगल्यांच्या डब्यात टाकली होती.

याशिवाय प्रायमरची खोबणी सैल झाली आहे का ते पाहावे. नवा प्रायमर बोटाच्या दाबाने सरकत असेल तर त्या पुंगळीचे आयुष्य संपले. बुडाजवळचे फुगवटे, काठावर उमटलेला ताणाचा चकचकीत ठसा, पितळेवरचे गुलाबी डाग हे सर्व पुंगळी फेकण्याचे संकेत आहेत. गुलाबी डाग म्हणजे जस्त निघून जाऊन मागे तांबे उरलेले. साधे काळे डाग किंवा अंगावरचा किरकोळ पोचा मात्र चालतो.

धुणे, मापात आणणे आणि नोंद

धुण्याबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगतो: अमोनिया असलेले कोणतेही द्रावण पितळेला लावू नये. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत असत, आणि पुष्कळ काळ त्याचे कारण हवामान समजले जाई. त्यावरूनच इंग्रजीत या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' असे ऋतूचे नाव पडले. काडतुसे तबेल्यांजवळ साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुताच्या अमोनियाने ताणाखाली असलेले पितळ तडकत होते, हे १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. काच पुसण्याच्या पुष्कळ द्रावणांत अमोनिया असतो. कोरडे घोळवायचे असेल तर अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा भरडा चालतो, पण त्याची धूळ शिसेयुक्त असल्याने भांडे घराबाहेर आणि झाकण लावून चालवावे. पाण्यात धुतले तर धूळ उडत नाही. मात्र पुंगळ्या आतून पूर्ण वाळल्या पाहिजेत. जिवंत काडतूस यांपैकी कशातही टाकू नये.

धुतलेली पुंगळी वंगण लावून डायमध्ये दाबली की मापात येते आणि त्याच दाबात जुना प्रायमर निघतो. वंगण कमी झाले तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते, आणि जास्त झाले तर खांद्यावर खळगे पडतात. यानंतर लांबी पुन्हा मोजावी, कारण दाबलेले पितळ तोंडाकडे वाहते. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिलीमीटर आणि .२२३ ची ४४.७० मिलीमीटर; त्यापेक्षा लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या टोकाशी चिमटले जाते, गोळी सुटायला अडते आणि दाब वाढतो. कमाल मापापेक्षा पाव मिलीमीटर कमी ठेवून कापावे आणि तोंडाची आतली-बाहेरची धार काढावी. काही जण कडक झालेले तोंड तापवून मऊ करतात. ती क्रिया योग्यच आहे, पण उष्णता फक्त गळ्याला आणि खांद्याला लागली पाहिजे. बूड मऊ झालेली पुंगळी म्हणजे नेमबाजाच्या हातातला सुरुंग. सुरुवातीच्या वर्षात या वाटेला न जाणे बरे.

तयार पुंगळ्या डब्यात ठेवताना वर चिठ्ठी लावावी: काडतुसाचे नाव, ठसा, किती वेळा वापरल्या, शेवटचे कापणे कधी केले. वापराची संख्या ठाऊक नसलेल्या पुंगळ्यांचा डबा वेगळा ठेवावा आणि त्यांची तारेची परीक्षा दर वेळी करावी. बाद केलेली पुंगळी तशीच टोपलीत टाकू नये. पक्कडीने तिचे तोंड चेपून टाकावे, म्हणजे दुसऱ्या कोणी, किंवा पुढच्या महिन्यात आपणच, ती चांगली समजून पुन्हा उचलणार नाही.